ज्यूरीच्या खोलीतला दुभाषी

न्यायालयात खटल्याची ‘सुनावणी’ होते. कानांनी ऐकणाराच न्याय करू शकतो, ही समजूत या शब्दातच दडलेली आहे. शब्द निरुपद्रवी खरा. परंतु अशा समजुतीला कायद्याचे बळ लाभले, की ती नागरिकाला न्यायालयाच्या दाराबाहेर उभे करते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात 2012 साली एका कर्णबधिर स्त्रीला ज्यूरीच्या कामासाठी बोलावणे आले. ऑस्लॅन या तेथील खूणभाषेचा दुभाषी लागेल, असे तिने कळविले; तेव्हा तिला वगळण्यात आले. 2016 मध्ये देशाच्या अंतिम न्यायालयाने निर्णय दिला, की ज्यूरीच्या गुप्त विचारविनिमयात दुभाष्याला बसू देण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात नाही. दुभाष्याला प्रवेश नाही म्हणून तिलाही नाही!

या निषेधाचे मूळ बधिरत्वात नसून दुभाष्याविषयीच्या संशयात आहे. हा संशय सोयीचा आहे. परभाषी साक्षीदाराची जबानी बाराही पंच दुभाष्याच्याच तोंडून ऐकतात आणि तिच्या आधारे माणसाला तुरुंगात धाडतात. तेथे विश्वासार्ह ठरणारा दुभाषी पंचाशेजारी बसताच अविश्वसनीय कसा होतो?

उघड न्यायालयातील भाषांतर तपासता येते, बंद खोलीतील नाही, हा आक्षेप मात्र क्षुल्लक नव्हे. पण त्याचे उत्तर नियमांत आहे, बहिष्कारात नाही. इंग्लंड व वेल्सने 2022 च्या कायद्याने ब्रिटिश खूणभाषेच्या दुभाष्यांना ज्यूरीच्या खोलीत प्रवेश दिला आणि त्यांनी विचारविनिमयात हेतुपुरस्सर ढवळाढवळ करणे हा गुन्हा ठरविला. त्याच वर्षी क्रॉयडन येथे एका कर्णबधिर स्त्रीने दुभाष्यांच्या साहाय्याने पंचाचे काम केले.

भारतातील फौजदारी खटल्यांत आता ज्यूरी नाही. परंतु भाषांतरावरील विश्वासाचा प्रश्न येथील साहित्याला परका नाही. मराठी वाचकांच्या पिढ्यांनी शरच्चंद्र वाचले ते मामा वरेरकरांच्या मराठीतून. त्या वाचकांचे अभिप्राय त्यांचे नसून वरेरकरांचे होते, असे कोणी म्हटले नाही. शब्द दुसऱ्याने पोहोचविले तरी विवेक ज्याचा त्याचाच राहतो. कर्णबधिर पंचाला दुभाषी हवा असतो तो समजून घेण्यासाठी आणि आपले म्हणणे मांडण्यासाठी. निवाडा तो स्वतःच करतो. ज्यूरी ही समाजाची प्रतिनिधी म्हणविते. समाजातील एका भाषेला दाराबाहेर ठेवून तिने ते बिरूद मिरवू नये.