दोष रक्ताचा की बहिष्काराचा?

एचआयव्हीसह जगणारं मूल अभ्यासात मागे पडलं की लोक म्हणतात, "रक्तातच आहे." हे वाक्य आम्ही ओळखतो. आमच्या बापजाद्यांनाही हेच ऐकवलं गेलं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये रक्तशुद्धीचा दावा खोडून काढला.

विज्ञान काय सांगतं? विषाणूचा मेंदूवर परिणाम होतो. उपचार लांबले तर जास्त होतो. जनुकांचाही त्यात वाटा असतो. पण लहानपणची उपासमार, मारहाण, आईबापाचा मृत्यू यांचाही घाव स्मरणशक्तीवर आणि एकाग्रतेवर बसतो. जनुकं आपल्या हाती नाहीत. पोराचं बालपण मात्र आहे.

२००९ साली लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्हीबाधित मुलं शाळेत नकोत म्हणून पालक अडून बसले. तो घाव जनुकांनी घातला नव्हता, गावाने घातला होता. २०१७च्या कायद्याने शिक्षणात असा भेदभाव करायला मनाई केली आहे.

देवळ्यातल्या मित्रांनो, कांद्याच्या वावरात राबणाऱ्या एखाद्या आईचं लेकरू असंच एकटं पडलं असेल, तर त्याची ओळख न फोडता त्याची शाळा आणि गोळ्या दोन्ही चालू ठेवणं हे आपलं काम आहे. 'शिका' हा संदेश त्याच्यासाठीही आहे.

जय भीम!