झोपेचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं. तारखेच्या चौकटीत आई दुधाचे खाडे मांडायची. आता त्याच चौकटीत मी माझी झोप मांडतो: ६, ६॥, ७. शेजारी गोळी घेतल्याची खूण. बायपोलर डिसऑर्डरचं निदान होऊन मला बारा वर्षं झाली. त्यांतली नऊ वर्षं ही नोंद चालू आहे.

"सारखं मन चाचपत बसलास तर आजार डोक्यातून जाणार कसा? विसर ते सगळं." असं सांगणारी माणसं मायेचीच असतात, आणि त्यांचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत रुग्णांना रोज मोबाइलवर मनःस्थिती नोंदवायला दिली होती. २०१५ साली निष्कर्ष आले, तेव्हा त्यांचं नैराश्य कमी झालेलं नव्हतं. उलट ते रेंगाळतंय की काय, अशी शंका संशोधकांना आली. यावरून नोंदच नको, असं म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही.

कारण प्रश्न नोंद कशाची करायची आणि तिचं पुढे काय करायचं, हा आहे. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ६९ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या रुग्णांना आपल्या झटक्याची सुरुवातीची लक्षणं ओळखायला आणि ती दिसताच उपचार घ्यायला शिकवलं होतं. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात पाव रुग्णांना उन्माद परत येईपर्यंत १७ आठवडे गेले. शिकलेल्या गटात ६५. नैराश्याच्या बाबतीत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण उन्मादात नोकरी, साठवलेला पैसा, नाती काय काय जातं, हे ज्यानं भोगलंय त्याला या ४८ आठवड्यांची किंमत कळेल.

"दहापैकी मूड किती?" हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. मन चढलेलं असताना ते स्वतःला दहापैकी दहा देतं आणि ते त्याला शंभर टक्के खरं वाटत असतं. झोपेचे तास मात्र घड्याळ सांगतं.

तीन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीत चौकटींत ४, ३॥, ३ असे आकडे पडले. घर पाहुण्यांनी भरलेलं, आरत्या, जागरणं. सणासुदीला झोप कमी होतेच, असं कुणीही म्हणालं असतं. पण जागरण झालेलं माणूस दुपारी आडवं होतं. मी दुपारी माळा आवरत होतो, रात्री दोनला मखर सोडवून नव्यानं बांधत होतो आणि जराही थकलो नव्हतो. चौथ्या सकाळी बायकोनं काही न बोलता कॅलेंडरवर बोट ठेवलं. मी चिडलो. मग आकडे वाचले आणि डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर, लिथियमची पातळी बघायला रक्त दिलं. औषधात बदल झाला. पंधरवड्यात झोप साडेसहावर आली. त्याआधीच्या चढाला, नोंद नव्हती तेव्हा, मला दीड महिना ॲडमिट राहावं लागलं होतं.

दुसरा आक्षेप रुग्णच घेतात, आणि तो मला जास्त बोचतो. नोंद घरच्यांच्या हाती गेली की आपण कायमचे संशयित होतो. रास्त कारणानं आवाज चढला तरी "आज गोळी घेतलीस का?" हे ऐकावं लागतं. हा अपमान मी सोसलेला आहे. पण तो नोंदीमुळे होत नाही, नोंद नसते तेव्हाच जास्त होतो. कारण आकडा नसला की घरचे चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसतात. आम्ही दोघांनी मी बरा असताना एक ठरवून टाकलंय. सलग तीन रात्री पाचच्या खाली गेल्या तर तिनं बोलायचं आणि मी वाद न घालता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आकडे ठीक असतील तर माझा राग हा राग धरायचा, लक्षण नव्हे. रागावण्याचा हक्क मला त्या चौकटींनी परत मिळवून दिला.

"डॉक्टर आहेत ना, ते बघतील," असंही म्हणतात. डॉक्टरांना मिळतात दहा मिनिटं, आणि आपण जातो ते बहुधा खचल्यावर. आधीचा चढ आपल्याला आजार वाटलेलाच नसतो, म्हणून तो आपण सांगत नाही. मग हे साधं नैराश्य समजलं जाऊ शकतं, आणि एकट्या नैराश्यविरोधी गोळीनं काही रुग्ण थेट उन्मादात जातात.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी या आजारासोबत जगत असेल, तर आज रात्रीपासून झोपेचा आकडा लिहा. महिना संपला म्हणून पान टाकून देऊ नका. रिपोर्टच्या फाइलीत ठेवा आणि पुढच्या भेटीला तोंड उघडण्याआधी ते डॉक्टरांसमोर ठेवा.