नाव घ्या हो, नाव!

गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक उघडली आणि वाचकहो, माझी चांगलीच फजिती झाली. आत शंभरएक फोटो, आणि निम्मी माणसे मला अनोळखी! ओळखणारी घरात एकटी आई, वय ८६. तेव्हा ठरवले, फोटो संगणकावर चढवायचे आणि त्यांना आईचा आवाज जोडायचा.

पॉवरपॉइंटमध्ये ही सोय आहे. एका स्लाइडवर एक फोटो ठेवायचा, ध्वनिमुद्रण सुरू करायचे, बोलून झाले की पुढची स्लाइड आणायची. कोणत्या फोटोवर किती वेळ थांबायचे, तेही यंत्र ध्यानात ठेवते.

"यंत्राशी मेलं काय बोलायचं?" म्हणून आई आधी लाजली. मी समोर बसलो, तशी खुलली. पण रात्री ऐकतो तो काय, हकीकती जागच्या जागी, नावे मात्र गडप! स्लाइड बदलत असताना आवाज मुद्रित होत नाही, आणि आईचे "ही आपली बनूमावशी" नेमके तेवढ्यात उरकलेले. नशीब, प्रत्येक स्लाइडचा आवाज निराळा राहतो. बिघडल्या तेवढ्याच पुन्हा केल्या. फोटो स्थिर झाला की मी मान हलवायची, मग आईने बोलायचे.

वडिलांच्या फोटोपाशी मात्र गाडी अडली. "हे आपले... हे!" एवढेच.

"अहो आई, पुढच्यांना कळणार कसं?" सौ.ने विचारले.

आईने पदर सावरला आणि लग्नातला उखाणा खणखणीत म्हटला. ती स्लाइड पुन्हा करावी लागली नाही.