औषधांच्या किमती आणि गरिबांचे रोग

औषधांच्या किमतीवर नियंत्रण आणण्याची भाषा कोणी काढली की बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या समर्थकांकडून एक ठरीव उत्तर येते : किमती पाडाल तर नफा आटेल, नफा आटला तर संशोधन थांबेल, आणि त्यात अखेर नुकसान गरीब देशांचेच होईल. आपल्या काही सहानुभूतीदारांनाही हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. म्हणून तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगात १,३९३ नवी औषधे बाजारात आली. त्यांपैकी उष्ण कटिबंधातील रोग व क्षय यांसाठी अवघी १६ होती. हा काळ काही कंपन्यांच्या नफ्याच्या दुष्काळाचा नव्हता. मग गरिबांची औषधे का निघाली नाहीत? कारण बाजार गरज जाणत नाही. क्रयशक्तीचे पाठबळ असलेली मागणी तेवढी जाणतो. बिहारमधील काळा आजाराने खंगलेल्या भूमिहीन मजुराची गरज कितीही तीव्र असली तरी कंपनीच्या ताळेबंदात तिची किंमत शून्य. जे संशोधन चढ्या किमतींच्या काळातही झाले नाही, ते किमती उतरल्याने बुडेल असे म्हणण्यात काय अर्थ आहे?

एफ्लॉर्निथिनचे उदाहरण घ्या. आफ्रिकेतील निद्रारोगावर गुणकारी ठरलेल्या या औषधाचे उत्पादन किफायतशीर नाही म्हणून १९९०च्या दशकात थांबले. पुढे २००० साली तेच द्रव्य चेहऱ्यावरील लव कमी करणाऱ्या मलमाच्या रूपाने अमेरिकेत विक्रीस आले. निद्रारोग्यांना ते पुन्हा मिळू लागले ते २००१ साली, जागतिक दबावानंतर.

यावर तोडगा म्हणून अमेरिकेने २००७ साली उपेक्षित रोगांवर औषध आणणाऱ्या कंपनीला दुसऱ्या कोणत्याही औषधाच्या त्वरित तपासणीचा, विकता येण्याजोगा, हक्क देऊ केला. २०१४ साली मिल्टेफोसिनबद्दल एका कंपनीला तो मिळाला. हे औषध तिने शोधलेले नव्हते. काळा आजारासाठी भारतात त्याला २००२ सालीच मान्यता मिळाली होती. कंपनीने तो हक्क साडेबारा कोटी डॉलरना विकला. औषध गरिबांना परवडेल अशा दरात देण्याची अट मात्र कायद्यात नव्हती. याला प्रोत्साहन म्हणावे की खिरापत?

संशोधनाला पैसा लागतो, हे कोण नाकारतो? प्रश्न एवढाच की तो रोग्याच्या खिशातून, मक्तेदारीच्या मार्गानेच का यावा? २००३ साली स्थापन झालेल्या ‘डीएनडीआय’ या ना-नफा संस्थेने सार्वजनिक निधी व देणग्यांच्या बळावर, एका कंपनीच्या सहकार्याने, निद्रारोगावर फेक्सिनिडाझोल हे तोंडाने घ्यावयाचे औषध विकसित केले. २०१८ साली त्याला युरोपीय नियामकांचा अनुकूल अभिप्राय मिळाला.

आणि किमतीवरील दबाव काय साधतो, हे आपल्या देशानेच दाखवले आहे. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनाला नव्हे, तर केवळ प्रक्रियेला पेटंट दिले. म्हणूनच एड्सच्या उपचाराचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या वर असताना २००१ साली मुंबईच्या सिप्लाला तो ३५० डॉलरमध्ये देऊ करता आला. २००५ च्या दुरुस्तीने हे दार बरेचसे लोटून घेतले. उरलेल्या फटीतील सक्तीच्या परवान्याचे हत्यार आपण २०१२ साली एकदाच उपसले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा तो तीन गोष्टींचा : सक्तीच्या परवान्याचा निर्भय वापर, सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाला परवडणाऱ्या किमतीची अट, आणि १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या सार्वजनिक उद्योगांना नवे बळ. गरिबाचे औषध कंपन्यांच्या मर्जीवर सोडणे म्हणजे त्याचा जीव लिलावात काढणे होय.