कॉलऱ्याच्या जंतूला विष दिलं कोणी?

पावसाळा लागला, की मंगरूळपीरच्या घराघरांत ‘पाणी उकळून प्या रे’ सुरू होतं. आपण मान डोलावतो आणि बाहेर जाऊन पाणीपुरी हाणतो! पण आपल्याच अमरावती विभागातलं आठवा. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं दगावली.

गंमत म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू मुळात एवढा घातक नाही. त्याचे कितीतरी भाऊबंद पाण्यात विषाविना जगतात. जुलाब घडवणाऱ्या विषाची जनुकं त्याला देतो एक फेज, म्हणजे जिवाणूलाच लागण करणारा विषाणू. मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी १९९६ मध्ये हे दाखवून दिलं. फेज जिवाणूत शिरतो, त्याच्या डीएनएला आपला डीएनए जोडतो. मग पुढच्या प्रत्येक पिढीला ते विष वारसाहक्काने! बरं, तो एकाच जातीवर थांबत नाही. ‘व्हिब्रिओ मिमिकस’ या चुलत जातीतही तो सापडलाय.

जिवाणूच्या डीएनएला इजा झाली, की आत गप्प बसलेले असे फेज जागे होतात आणि बाहेर पडून नवं घर शोधतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकने नेमकी तशीच इजा होते. म्हणून पोट बिघडलं की मेडिकलमधून मनानेच गोळ्या आणू नका. कॉलऱ्यात जीव जातो तो अंगातलं पाणी संपल्याने. आधी ओआरएस सुरू करा आणि थेट दवाखाना गाठा.