अळूची भाजी आणि लष्करी हिरवा

अळूच्या पातळ भाजीत चिंचेचा कोळ पडला की हिरवीगार भाजी पाहता पाहता मळकट, खाकीकडे झुकलेली दिसू लागते. चिंचेतलं आम्ल हरितद्रव्याच्या रेणूतलं मॅग्नेशिअम बाहेर काढतं आणि त्याच्याबरोबर हिरवेपणाही जातो. पानांचा रंग काढून तो लष्करी गाड्यांवर चढवू पाहणाऱ्या संशोधकांची पहिली अडचण हीच. शिवाय ऊन आणि हवाही हरितद्रव्य मोडतात. जिवंत पान मोडलेलं पुन्हा घडवतं, रंगाच्या थराला ते कुठून जमणार? मॅग्नेशिअमच्या जागी तांबं बसवलं तर रंग बराच टिकतो.

पण नुसता हिरवा रंग तर कुठल्याही दुकानात मिळतो. खरी परीक्षा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात आहे. ६८० नॅनोमीटरजवळचा तांबडा प्रकाश पान गिळून टाकतं आणि ७५० ओलांडताच जवळजवळ निम्मा अवरक्त प्रकाश परत फेकतं. हे परत फेकण्याचं काम रंगद्रव्याचं नाही, पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांचं आहे. दुसऱ्या महायुद्धात यावरूनच खास फिल्म निघाली. तिच्यावर जिवंत झाडी लाल उमटायची आणि साध्या हिरव्या रंगाने झाकलेली तोफ निळसर. पुढे क्रोमियम ऑक्साइडच्या हिरव्याने ही त्रुटी बरीचशी भरून काढली.

आता प्रकाशाच्या शेकडो बारीक पट्ट्या वेगवेगळ्या वाचणारे कॅमेरे आले आहेत. आपल्या ‘इस्रो’नेही २०१८ साली ‘हायसिस’ हा तसा उपग्रह सोडला. पानातलं पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. कोरडा रंग तिथे नेमका उघडा पडतो. म्हणून हवेतला ओलावा ओढून धरणारं लिथियम क्लोराइड पातळ पापुद्र्यात मिसळून पाहिलं जातं. मला हीच वाट पटते. पानाचा रंग उचलण्यापेक्षा त्यातलं पाणी आणि हवा यांची मांडणी उचलायला हवी. रंगद्रव्य त्या मांडणीतला एक भागीदार आहे, एवढंच.

एका गोष्टीकडे मात्र अजून पुरेसं लक्ष जात नाही, असं मला वाटतं. सह्याद्रीचा जो उतार ऑगस्टमध्ये पोपटी असतो, तोच फेब्रुवारीत वाळल्या गवताने पिवळा पडतो. त्या उतारावर ऑगस्टचाच हिरवा अंगावर घेऊन उभी असलेली गाडी कुणालाही दिसेल, साध्या डोळ्यांनीसुद्धा. वनस्पतीचा रंग उडतो ही तक्रार मी बरेचदा वाचतो. तो ऋतूबरोबर, ठरवलेल्या गतीने उडवता येईल का, यावर प्रयोग झालेले मला पाहायचे आहेत.