खलनायकावाचूनचा वियोग

माकोतो शिंकाई या जपानी दिग्दर्शकाचा ‘पाच सेंटिमीटर प्रति सेकंद’ हा २००७ सालचा रेखाटलेल्या चित्रांचा बोलपट भातकुलीस आम्ही काही स्नेह्यांनी मुलांसह पाहिला. मुले मुकाट्याने उठली. वडीलधाऱ्यांनी मात्र तत्काळ निकाल दिला, ‘यात घडते काय? नायक धड भांडतही नाही. शिवाय चित्रे म्हणजे पोरखेळ!’ या निकालावर अपील करणे आम्हांस भाग आहे. कारण तो केवळ एका बोलपटापुरता नाही.

कथा थोडकी आहे. ताकाकी व आकारी हे शाळासोबती. आकारीचे कुटुंब टोकियो सोडते. पुढे ताकाकीसही दूर दक्षिणेस जावयाचे ठरते, म्हणून तो तिला भेटावयास निघतो. हिमवर्षावात आगगाडी तासन्‌तास खोळंबते, जपून आणलेले पत्र वाऱ्यावर उडून जाते, तरीही ती स्थानकावर वाट पाहत बसलेली असते. त्यानंतर पत्रे विरळ होत होत थांबतात. कोणी आड येत नाही, कोणी कोणास फसवीत नाही.

नेमके हेच आमच्या टीकाकारांस सोसवत नाही. ‘सैराट’मधील (२०१६) वैरी त्यांस कळतो. तो वैरी खरा आहे, त्याचा धिक्कार झालाच पाहिजे. परंतु वैरी नसला म्हणजे दुःखही नसते, हे कोणी सांगितले? मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीतही (२००४) मुलगी गाव सोडून जाते आणि मुलगा मागे उरतो. तेव्हा ही व्यथा परदेशी खास नव्हे.

‘आता दूरध्वनी खिशात असताना कसला दुरावा?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बोलपटातच आहे. मोठेपणी ताकाकीची दुसरी एक मैत्रीण तीन वर्षांत हजारभर निरोपांची देवघेव करते, तरी मने जेमतेम एक सेंटिमीटर जवळ आली असतील, असे तिला वाटते. बोलपटाचे नाव हा त्यात सांगितलेला चेरीच्या पाकळीच्या पडण्याचा वेग आहे. हिशेब करून पाहावा: या वेगाने दिवसाकाठी सव्वाचार किलोमीटर होतात, आणि पाच महिन्यांत बडनेऱ्याहून मुंबई गाठते. डोळ्यांस न दिसणारी ही चाल चितारण्यास रेखाचित्राइतके समर्थ साधन दुसरे कोणते? अखेरीस रेल्वेच्या फाटकापलीकडे कोणीच उरत नाही, ती मोकळी जागाही चित्रकाराने हेतुपुरस्सर रेखाटलेली असते.

वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी असाच अबोल झाला होता. ‘कोणी काही केले काय?’ आम्ही विचारले. ‘नाही, सर.’ ‘मग अभ्यास कर,’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. आज त्या उत्तराची लाज वाटते. दरसाल बडनेऱ्याच्या फलाटावरून आमची मुले पुण्या-मुंबईस जातात आणि दिवाळीस अबोल होऊन परततात. त्यांस अपराध्याचे नाव विचारण्यापूर्वी क्षणभर शेजारी बसावे. ज्यांस हा बोलपट रिकामा वाटला, त्यांनी तो पुन्हा पाहावा. आणि या खेपेस पडद्याइतकेच शेजारच्या मुलाच्या मुखाकडेही पाहावे.